पिंग जातंय, एसएसएच लॉगिन होतंय, पण पुढे सगळं ठप्प: एमटीयूचा परत परत येणारा त्रास

"सर, पिंग बघा की. ९ मिलिसेकंद. लाइन ओक्के आहे."

सांगलीतल्या एका मित्राच्या ऑफिसात फायबरची नवी लाइन जोडून दिलेला मुलगा मला फोनवर हे सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. पिंग, म्हणजे समोरचं मशीन जिवंत आहे का हे विचारणारं छोटं पॅकेट, जात होतं. नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस उत्तर देत होतं. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून कमांड द्यायची सोय) लॉगिनही होत होतं. पण आत गेल्यावर डीमेसेज ही मशीनच्या लांबलचक नोंदी दाखवणारी कमांड दिली की टर्मिनल जे गप्प व्हायचं ते व्हायचंच. एन्टर दाबा, कंट्रोल-सी दाबा, ढिम्म हलत नाही. चार फाइलींच्या फोल्डरमध्ये फाइलींची यादी देणारं एलएस चालायचं, चारशे फाइलींच्या फोल्डरमध्ये अडकायचं. हिशेबाच्या वेब-सॉफ्टवेअरचं लॉगिनचं पान यायचं, अहवालाचं पान मात्र गोल गोल फिरत बसायचं. बिलं अपलोड व्हायची, तीच बिलं परत डाउनलोड करायला गेलं की ठप्प. यूट्यूब मात्र झकास. त्यामुळे ऑफिसातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं की नेट चांगलं आहे, सर्व्हर खराब आहे. सर्व्हर मी लावलेला, म्हणजे खराब मी.

गेल्या दोन वर्षांत हाच आजार त्याच मित्राकडे तीन वेगवेगळी सोंगं घेऊन आला. आमच्या लिनक्सवाल्या मंडळींमध्येही महिन्या-दोन महिन्यांनी कुणी तरी हेच विचारतं. हा आजार एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्या मर्यादेचा. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी हा आजार तोच आहे का, ते बघा

नाव सापडत नाही अशी तक्रार लगेच येत असेल, तर डीएनएस बघा, इथे वेळ घालवू नका. जोडणीच होत नसेल, पहिल्यापासून टाइमआउट येत असेल, तर पोर्ट बंद आहे किंवा राउटिंग चुकलंय. सगळं चालतंय पण रडतखडत, तर पॅकेट गळत असतील किंवा वायफायचा घोळ असेल. एमटीयूच्या त्रासाची खूण वेगळी असते. जोडणी झटक्यात होते, छोटी देवाणघेवाण सुरळीत होते, आणि पहिला मोठा मजकूर यायची वेळ आली की एकदम शांतता. हळू होत नाही, थांबतं.

एसएसएच कधी कधी लॉगिनच्या आधीच अडकतं. हायफन व्ही देऊन चालवलं तर शेवटची ओळ "एक्स्पेक्टिंग एसएसएच२ एमएसजी केईएक्स ईसीडीएच रिप्लाय" अशी दिसते आणि पुढे काही नाही. ही ओळ दिसली की माझा संशय ऐंशी टक्के एमटीयूवरच जातो. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत क्वांटम संगणकाला दाद न देणारी पद्धत आपोआप वापरली जाते आणि तिच्या किल्ल्या हजार बाइटांहून मोठ्या असतात. पूर्वी लॉगिननंतर होणारा खोळंबा त्यामुळे आता कित्येकदा लॉगिनच्याच पायरीवर होतो.

मोठं पॅकेट कुठे अडतं

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात. १९८० च्या मूळ इथरनेटपासून हा आकडा चालत आला आहे आणि आपला लॅपटॉपही तोच धरून चालतो. फायबरची लाइन पीपीपीओई लॉगिनवाली (नाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) असेल, तर त्यातले ८ बाइट पीपीपीओईच्या स्वतःच्या वेष्टनात जातात आणि उरतात १४९२. आठ बाइट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण १५०० चं पॅकेट १४९२ च्या दारातून जात नाही, आठाने अडो की आठशेने.

अशा वेळी काय व्हायला हवं, हे १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात लिहिलेलं आहे. पाठवणारा पॅकेटवर "याचे तुकडे करू नका" असा शिक्का मारतो. वाटेतल्या राउटरला ते मावलं नाही, तर तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या प्रोटोकॉलचा) निरोप धाडतो: तुकडे करावे लागतील, माझ्याकडे १४९२ च मावतात. आयसीएमपीत हा प्रकार ३, कोड ४. पाठवणारा शहाणा होऊन पुढची पॅकेटं लहान करतो. सगळी मदार त्या एका निरोपावर आहे. तो पोचला नाही, तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहतो, ते परत परत कचऱ्यात जातं, आणि दोन्ही टोकांना वाटतं की जोडणी जिवंत आहे.

पिंग का जातं, ते आता उघड आहे. लिनक्सचं साधं पिंग ५६ बाइटांचा मजकूर पाठवतं, हेडर धरून ८४. खिंडीत ट्रक अडकलाय की नाही, हे सायकल पाठवून कळणार नाही. आणि यूट्यूब चालतं, कारण ब्राउझर तिथे बहुतेकदा क्विक हा वेगळा प्रोटोकॉल वापरतो. क्विक सुरुवातीलाच बाराशे-साडेबाराशे बाइटांच्या आसपास राहतो आणि त्याहून मोठं झेपतंय का, हे स्वतः चाचपून बघतो.

तपासणी, आणि तिच्यातला सापळा

लॅपटॉपवरून:

पिंग -एम डू -एस १४७२ सर्व्हरचा-पत्ता

यात एम मोठ्या लिपीतला, एस लहान. "एम डू" म्हणजे तुकडे करायला मनाई. १४७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५००. हे गेलं नाही आणि १४६४ गेलं, तर वाट १४९२ ची आहे. आकडा आणखी खाली असेल, तर ट्रेसपाथ ही कमांड चालवा. कुठल्या टप्प्यावर पीएमटीयू (पूर्ण वाटेचा एमटीयू) कमी झाला, ते ती ओळीओळीने सांगते आणि तिला रूटची परवानगीही लागत नाही.

सांगलीत मी हेच केलं. पहिल्या ओळीत ऑफिसच्याच गेटवेने (ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधल्या मशीनने) सांगितलं की तुकडे हवेत, एमटीयू १४९२. दुसऱ्या ओळीपासून लॅपटॉपच म्हणू लागला की संदेश फार लांब आहे. छान, निदान झालं. लगेच एसएसएच उघडलं, डीमेसेज दिलं, आणि ते धडधडत शेवटपर्यंत आलं!

मी काहीही दुरुस्त केलेलं नव्हतं. मित्र म्हणाला, "बघ लेका, तू हात लावलास की चालतं." चहा पिऊन परत आलो, नवीन जोडणी केली, आणि परत ठप्प.

या चहाने माझी दोन संध्याकाळ वाया घालवली, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो. लिनक्सचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) असा शिकलेला एमटीयू त्या पत्त्यापुरता लक्षात ठेवतं, पण फक्त ६०० सेकंद. माझ्या मोठ्या पिंगनेच लॅपटॉपला १४९२ शिकवलं होतं. नवी टीसीपी जोडणी (एसएसएच आणि बहुतेक वेबपानं याच पद्धतीने चालतात) करताना लॅपटॉप समोरच्याला सांगतो, "मला एका वेळी इतकेच बाइट पाठव." हा आकडा म्हणजे एमएसएस. तो एमटीयूतून ४० वजा करून येतो. हल्लीची कर्नलं त्यासाठी शिकलेला एमटीयू धरतात, म्हणून त्या दहा मिनिटांत लॅपटॉप १४६० ऐवजी १४५२ सांगत होता आणि सर्व्हर आपसूक लहान पॅकेटं पाठवत होता. दहा मिनिटं उलटली की विसर, आणि मागचे पाढे पंचावन्न.

ऑफिसात "कधी चालतं, कधी नाही" हे गूढ याचंच होतं. कुणी मोठं बिल अपलोड केलं की त्याच्या लॅपटॉपला १४९२ कळायचं आणि पुढची दहा मिनिटं त्याचे डाउनलोडही सुरळीत व्हायचे. आपल्या लॅपटॉपवर हे बघायचं असेल, तर आयपी रूट गेट देऊन पुढे सर्व्हरचा पत्ता लिहा. उत्तरात "कॅश एक्स्पायर्स" आणि एमटीयूचा आकडा दिसला, तर तुम्ही त्या दहा मिनिटांच्या आत आहात आणि आत्ता काढलेला कुठलाही निष्कर्ष फसवा आहे. आधी आयपी रूट फ्लश कॅश करा, मग चाचणी घ्या. मोठं पिंग शेवटी ठेवा.

निरोप कुणी फाडला

अपलोड चालतं आणि डाउनलोड नाही, यावरून दिशा कळते. लॅपटॉपकडून निघालेलं मोठं पॅकेट ऑफिसच्या गेटवेवर अडतं, गेटवे निरोप देतो, लॅपटॉप ऐकतो. सर्व्हरकडून निघालेलं मोठं पॅकेट सेवा देणाऱ्याच्या टोकाला अडतं. तिथून निरोप निघतो का, आणि निघाला तर सर्व्हरपर्यंत पोचतो का, हे बघायचं.

त्यासाठी सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला. हायफन एन, हायफन आय आणि नेटवर्क कार्डाचं नाव देऊन पुढे अवतरणात हा फिल्टर:

आयसीएमपी[०]==३ अँड आयसीएमपी[१]==४

(प्रत्यक्षात टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी.) मला वाटलं होतं काही दिसणार नाही आणि मी केबलवाल्यांना दणदणीत पत्र लिहीन. पण निरोप येत होते. दर वेळी डीमेसेज अडकलं की एक-दोन निरोप, एमटीयू १४९२, अगदी नियमाप्रमाणे. मग शेजारच्या टर्मिनलमध्ये चालू जोडण्यांचा तपशील देणारी एसएस -टीआय ही कमांड चालवून ती जोडणी बघितली. पीएमटीयू १५००, एमएसएस १४४८ (टीसीपीच्या टाइमस्टॅम्पचे १२ बाइट आणखी वजा), रीट्रान्समिटचा, म्हणजे परत पाठवलेल्या पॅकेटांचा, आकडा वाढतोय. पत्र दारापर्यंत येत होतं, घरात जात नव्हतं.

दारावर उभा होता आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल, आणि त्याचे नियम मी लिहिले होते. एस्टॅब्लिश्ड (आधीच झालेल्या) जोडण्यांना परवानगी, आयसीएमपीपैकी फक्त इको रिक्वेस्टला परवानगी (म्हणून तर पिंग इतकं छान जात होतं), २२ (एसएसएच) आणि ४४३ (वेब) या पोर्टांना परवानगी, बाकी सगळं ड्रॉप. एस्टॅब्लिश्डच्या शेजारी "रिलेटेड" हा शब्द लिहायचा राहिला होता. चालू जोडणीशी संबंधित आयसीएमपीचे निरोप कर्नल रिलेटेडमध्ये धरतं, एस्टॅब्लिश्डमध्ये नाही. टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधी बघतो, त्यामुळे त्याला ते दिसले. टीसीपीला कधीच मिळाले नाहीत. केबलवाल्यांचं पत्र तिथेच राहिलं.

आयसीएमपी सगळा बंद करणं म्हणजे सुरक्षा, ही समजूत अजून जात नाही. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतला राउटर तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथे "पॅकेट टू बिग" हा आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ अडवला की बोंबच.

टीसीपीडम्प बघताना एका गोष्टीने घाबरू नका. पाठवणाऱ्या मशीनवर कधी कधी २८०० किंवा त्याहून मोठी पॅकेटं दिसतात. तो एमटीयूचा घोळ नाही. कर्नल मोठा गठ्ठा नेटवर्क कार्डाच्या हवाली करतं आणि कार्ड त्याचे तुकडे करतं, एवढंच.

उपाय

सर्व्हरवर रिलेटेड घातल्यावर त्रास थांबला. पण जगातले बाकीचे सर्व्हर माझ्या हातात नाहीत, आणि तिथेही माझ्यासारखे हुशार लोक आहेतच. म्हणून खरा उपाय ऑफिसच्या गेटवेवर करायचा. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटमधला एमएसएस तिथेच कापून टाकायचा, म्हणजे मोठं पॅकेट जन्मालाच येत नाही:

आयपीटेबल्स -टी मँगल -ए फॉरवर्ड -पी टीसीपी --टीसीपी-फ्लॅग्ज सिन,आरएसटी सिन -जे टीसीपीएमएसएस --क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू

यात ए मोठ्या लिपीत. टेबल, साखळी आणि टार्गेटची नावं नेहमीसारखी: मँगल लहान अक्षरांत, फॉरवर्ड आणि टीसीपीएमएसएस मोठ्या. आयपीटेबल्सऐवजी नवं एनएफटेबल्स वापरत असाल, तर फॉरवर्ड साखळीत "टीसीपी फ्लॅग्ज सिन टीसीपी ऑप्शन मॅक्ससेग साइझ सेट आरटी एमटीयू" ही ओळ. लिनक्सचा गेटवे नसेल, बाजारातला राउटर असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग शोधा. बऱ्याच राउटरांत ते असतं. प्रत्येक लॅपटॉपवर जाऊन एमटीयू १४९२ करत बसू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. पुढच्या आठवड्यात मित्राने नवा लॅपटॉप घेतला आणि फोन आलाच.

गेटवेला हात लावता येत नसेल आणि सर्व्हर तुमचा असेल, तर सर्व्हरवर नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग हे सिसीटीएल (कर्नलची सेटिंग) १ करा. मुळात ते ० असतं. मग मोठी पॅकेटं गडप होताहेत असं दिसल्यावर कर्नल स्वतःच लहान पॅकेटांवर येतं. काही वेळा परत पाठवून बघितल्याशिवाय त्याला हे उमगत नाही, म्हणून जोडणी आधी काही क्षण अडखळते आणि मग चालते. मलमपट्टी आहे, पण रात्री ११ वाजता मलमपट्टीही चालते.

दुसऱ्यांदा: लाइट गेली

क्लॅम्पचा नियम घातला, सगळे खूश, चार महिने शांतता. मग पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, गेटवे बंद पडून परत सुरू झाला आणि त्रास परत हजर. नियम मी फक्त चालू कर्नलमध्ये घातला होता, जतन केलाच नव्हता. डेबियनवर आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज टाकून नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह चालवायचं. एनएफटेबल्स असेल, तर ओळ थेट ईटीसीमधल्या एनएफटेबल्स.कॉन्फ या फाइलीत लिहायची आणि ती सेवा एनेबल आहे ना ते बघायचं. आणि मग कुणी नसताना गेटवे मुद्दाम रीबूट करायचा. ही शेवटची पायरी मी त्या दिवसापर्यंत कधी केली नव्हती.

तिसऱ्यांदा: वायरगार्ड

मित्राकडची एक ताई घरून वायरगार्ड या व्हीपीएनवर (ऑफिसशी जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्यावर) काम करायची. वर्षभर काही तक्रार नाही. एके दिवशी तिचाही तोच सूर: जोडणी होते, फाइल उघडत नाही. तिच्याकडे काहीच बदललं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की तिच्या घरच्या लाइनवर नुकतंच आयपीव्ही६ सुरू झालंय.

वायरगार्डचं स्वतःचं वेष्टन ३२ बाइट, यूडीपीचे ८, आणि बाहेरचा आयपीव्ही४ असेल तर २०, आयपीव्ही६ असेल तर ४०. वायरगार्ड सुरू करणारं डब्ल्यूजी-क्विक सगळ्यात वाईट शक्यता धरून ८० वजा करतं आणि १५०० च्या कार्डावर १४२० ठेवतं. तिचा लॅपटॉप वायफायला १५०० च समजतो. पुढे राउटरवर पीपीपीओईचे ८ बाइट जातात, हे त्याला काय माहीत. आयपीव्ही४ वरून १४२० अधिक ६०, म्हणजे १४८०, हे १४९२ मध्ये आरामात मावत होतं. आयपीव्ही६ आलं आणि सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ चा पत्ताही होता, म्हणून बोगदा त्या वाटेने गेला. १४२० अधिक ८० बरोबर १५००. आठ बाइट परत आडवे. तुकडे करून पाठवले तरी आयपीव्ही६ चे तुकडे वाटेतच टाकून देणारी नेटवर्कं बरीच आहेत.

उपाय एका ओळीचा. दोन्ही टोकांच्या कॉन्फिगमध्ये इंटरफेस या भागाखाली एमटीयू = १४१२. मी १३८० लिहितो, कारण ताई उद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसेल आणि तिथलं गणित आणखी वेगळं असतं. थोड्या बाइटांचं नुकसान कुणाला जाणवत नाही. अगदीच रानोमाळ फिरणारा लॅपटॉप असेल, तर १२८०. आयपीव्ही६ चालायला प्रत्येक दुव्याने निदान एवढं न्यायलाच हवं.

डॉकर वापरत असाल तर

डॉकर प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवतं. यजमान मशीनवर सगळं चालतं आणि कंटेनरमध्ये एपीटी अपडेट (पॅकेजांची यादी ताजी करणं) अडकतं, अशी तक्रार आली तर आधी कार्डांचे एमटीयू दाखवणारी आयपी लिंक ही कमांड बघा. क्लाउडमधल्या पुष्कळ व्हर्च्युअल मशीनचं कार्ड १४५० चं असतं, कारण खालच्या व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कने ५० बाइट घेतलेले असतात. डॉकरचा पूल (कंटेनरना जोडणारा ब्रिज) मात्र मुळात १५०० चा. ईटीसीमधल्या डॉकर फोल्डरात डीमन.जेसन या फाइलीत एमटीयू १४५० लिहून डॉकर परत सुरू करा. पण ते फक्त डॉकरच्या मूळ पुलाला लागू होतं. डॉकर कंपोझने (अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या साधनाने) बनवलेल्या नेटवर्कांना लागू होत नाही, आणि यावर लोक हमखास फसतात. तिथे त्या-त्या नेटवर्कच्या ड्रायव्हर ऑप्ट्समध्ये कॉम.डॉकर.नेटवर्क.ड्रायव्हर.एमटीयू वेगळं लिहावं लागतं, आणि आधीचं नेटवर्क मोडून नव्याने बनवावं लागतं.

एवढं करून अडलंच, तर विचारताना "नेट चालत नाही" इतकंच न लिहिता चार गोष्टी द्या: दोन्ही टोकांचं आयपी लिंक, दोन्ही दिशांचं ट्रेसपाथ, अडकलेल्या क्षणी पाठवणाऱ्या बाजूचं एसएस -टीआय, आणि फायरवॉलचे नियम जसेच्या तसे. सार्वजनिक पत्ते तेवढे खोडा. आणि हे सगळं चहाच्या आधी घेतलंय की नंतर, तेही लिहा.